खंड्याचा जरीपोशाख, बैलाची झूल आणि कुत्र्यांचं पार्लर

 

पुण्यात कुत्र्यांसाठी स्पा, नखांना रंग, केसांना कलर, वाढदिवसाला फोटोशूट असले प्रकार सुरू होऊन बरीच वर्षं झाली. ते वारं आता बारामती-इंदापूरकडेही आलंय. असा एखादा व्हिडिओ ग्रुपवर पडला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "पैसा जास्त झालाय लोकांना." दुसरी म्हणते, "आमचं लेकरू आहे ते, तुमचं काय जातंय?" दोन्हीकडच्यांना वाटतं की हे खूळ नवीन आहे, बाहेरून आलेलं आहे. तसं अजिबात नाही. आपल्याच इतिहासात याहून मोठी उदाहरणं आहेत.

पहिलं उदाहरण साताऱ्याचं. छत्रपती थोरल्या शाहू महाराजांचा एक लाडका कुत्रा होता. लोक त्याला खंड्या म्हणतात. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद वेगळा, तो इथं आणू नका.) शिकारीत वाघासमोर या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी हकिकत आहे. साताऱ्यात ब्रिटिश अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की दोन सरदार भेटीला येणार होते, दरबार भरला होता आणि महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख चढवला, अंगावर जडजवाहीर घातलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद निघाली आणि पालखीचा मानही मिळाला. डफच्या मते त्या वेळी महाराजांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पुढं ते बरे झाले, पण डोक्यावर पुन्हा पगडी म्हणून घातली नाही. संगम माहुलीला आजही खंड्याची समाधी दाखवतात.

या दरबाराशी आपल्या बारामतीचा जवळचा संबंध आहे. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा पेशवेपदासाठी आपल्या बाबूजी नाईकांचं नाव पुढं आलं होतं. नागपूरकर रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. मोरोपंतांना आश्रय देणारे नाईक ते हेच. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली नानासाहेबांना. ज्या गादीपुढं नाईकांचं पद हुकलं, त्याच गादीनं एका कुत्र्याला पालखी दिली! डफ याला राजाची लहर म्हणतो. मला त्यात उपकाराची जाणीवही दिसते. जीव वाचवणाऱ्याला जहागीर द्यायची रीत होतीच, महाराजांनी फक्त तो माणूस आहे की कुत्रा हे पाहिलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं आहे. बैलाची सजावट. कुठं बेंदूर, कुठं श्रावणी पोळा, कुठं भाद्रपदी, पण पद्धत साधारण एकच. आदल्या दिवशी खांदेमळणी. जू ओढून ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं. आजच्या भाषेत यालाच मसाज थेरपी म्हणतात. सणादिवशी ओढ्यावर नेऊन अंघोळ, शिंगं साळणं, त्यांना हिंगूळ, वर बेगड, टोकाला पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. स्वतःच्या सदऱ्याला ठिगळ असलेला शेतकरीही बैलाच्या झुलीत कमी करत नसे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही आणि पाठीवर चाबूक नाही. नवसाचा नाही, तर हक्काचा सण होता तो बैलाचा.

तिसरं, घोडा आणि मेंढरं. ब्रिटिशांच्या काळात आपला हा भाग भीमथडी तालुक्यात मोडायचा. इथलं भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजेत नावाजलेलं. दिवसभर दौड मारून आलेल्या घोड्याला आधी खरारा, मग मोतद्दाराच्या पोटात भाकरी. खराऱ्यानं घाम-धूळ निघते, खोगिराखाली जखम झाली असेल तर हाताला लागते. शौक नव्हता तो, घोडा लंगडला तर स्वारही गेला. आजही धनगर बांधवांचा संसार याच तट्टांच्या पाठीवर फिरतो. मेंढरं कातरण्याआधी नदीत धुतात, तेही लोकर स्वच्छ निघावी म्हणून. तुकोबारायांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि बेलवाडीला अश्वांचं, तेव्हा हीच कामाची जनावरं मानाची होतात.

आणि ज्याला आपण परदेशी फॅशन म्हणतो, त्या पूडल कुत्र्याच्या गोंडेदार हेअरकटचं मूळही कामातच आहे. तो पाण्यात पडलेली शिकार आणणारा कुत्रा. पोहायला सोपं जावं म्हणून अंगावरचे केस काढायचे आणि सांधे व छाती गारठू नये म्हणून तेवढे ठेवायचे. काम गेलं, गोंडे तेवढे राहिले.

आता मुद्द्याचं बोलतो. सजवणं आपल्याला नवं नाही. ते कोणासाठी करायचं, हे मात्र बदललंय. खांदेमळणीचा फायदा बैलाला होता. आज बेंदराच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं थरथरणाऱ्या बैलाला कसला फायदा? हिंगुळाच्या जागी ऑईलपेंट आला. शिंग फार खोल साळलं तर रक्त येतं, कारण शिंगाच्या आत जिवंत भाग असतो. पण फोटो चांगला यायला पाहिजे ना!

शर्यतीच्या बैलांचंही तसंच. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आपल्या भागात आनंद झाला आणि तो खोटा नव्हता, कारण खिलारचा सांभाळ त्यावर टिकून आहे. दूध, अंडी, बदाम, तेलमालीश, विहिरीत पोहणं, सगळं होतं. पण पळायचं थांबल्यावर त्याच बैलाचं काय होतं, हे आपण सगळे जाणतो आणि गप्प बसतो.

कुत्र्यांबाबतही थोडं ऐका. आपला शांपू आणि आपला हेअरडाय कुत्र्याच्या कातडीला चालत नाही, खाज आणि पुरळ उठतं. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याचं उन्हाळ्यात टक्कल केलं तर त्याला उलट ऊन जास्त लागतं. ऐटीसाठी कान-शेपटी कापणं ही सजावट नाही, इजा आहे. आणि हजारो रुपये स्पावर घालवून रेबीजची लस चुकवणारा मालक लाड करत नाही, मिरवतो.

माझं म्हणणं एवढंच की लाड जरूर करा, पण आधी लस, जंत, खरूज, खूर, दात बघा. गोंडे नंतर. ग्रामपंचायतींनी बेंदराला बक्षीस द्यायचं तर सगळ्यात भारी झुलीला देऊ नका. ज्याच्या बैलाच्या खांद्यावर जखम नाही आणि ज्याच्या दावणीला म्हातारा बैलही सांभाळलाय, त्याला द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर परीक्षक म्हणून बोलवा. खर्च काही नाही.

तुमच्याकडं जुन्या बेंदराचे फोटो, आजोबांच्या काळातली झूल, शेंब्या, घुंगुरमाळ असेल तर कॉमेंटमध्ये टाका. बैलाचं नावही लिहा. आणि वरच्या बक्षिसाची सूचना पटली तर आपापल्या सरपंचांना टॅग करा.