जुन्या बुलेटचं गळणारं तेल

1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियानं बुलेट जोडायला घेतली. ओतीव लोखंडाचं सिलिंडर आणि उभं दुभागलेलं अ‍ॅल्युमिनियमचं क्रँककेस, अशा घडणीचं ते इंजिन पुढे अर्धशतक बनत राहिलं. विलेपार्ल्यात आजही अशी एखादी बुलेट दिसते, आणि ती उभी राहते तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग पडतो.

दोष लगेच गॅस्केटला दिला जातो. पण पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती ब्रीदरमधून सुटली नाही, तर तेल मिळेल त्या सांध्यातून वाट काढतं. म्हणून आधी ब्रीदर बघणारा मिस्त्री खरा जाणकार.

मग उगमाचा शोध. इंजिन रॉकेलनं धुऊन कोरडं करायचं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि एक फेरी मारून यायचं. पांढऱ्यावरचा पहिला ओघळ जागा दाखवतो. घाई केली तर फसगत होते, कारण रॉकर कव्हरमधून निसटलेलं तेल पार खाली उतरून क्रँककेसवर दिसतं.

डावीकडचं प्रायमरी कव्हर तर मधल्या एकाच नटवर बसतं. गळतंय म्हणून तो नट आवळत गेलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. बदलायचं असतं ते कडेचं रबरी सील.