हार्ले स्ट्रीटवरील घंटा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटली की क्रिमियाच्या युद्धातील, हाती दिवा घेतलेली बाई तेवढी आपल्यापुढे उभी राहते. मला मात्र त्याआधीचे तिचे एक वर्ष अधिक बोलके वाटते.

1853 साली लंडनमधील अप्पर हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी गृहस्थघराण्यांतील स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिने बिनपगारी हाती घेतली. तिच्या मागण्या पाहा. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे. रोग्यांचे जेवण वर चढविण्यास दोरीचा पाळणा असावा. प्रत्येकीच्या घंटेला अशी झडप असावी की, घंटा वाजताच ती उघडावी व उघडीच राहावी; म्हणजे कोणी बोलावले ते परिचारिकेस पाहताच कळेल. जिने चढण्याउतरण्यात परिचारिकेचा दिवस गेला, तर रोग्याजवळ बसणार कोण?

व्यवस्थापक मंडळींना रोगी स्वपंथीयच हवे होते. कॅथलिक, ज्यू, सर्वांना प्रवेश आणि त्यांच्या धर्मगुरूंना भेटीची मोकळीक नसेल तर मी राहणार नाही, असे तिने बजावले, आणि ते मान्य करून घेतले!

1859 साली तिचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक निघाले. दाराबाहेरची कुजबूज आणि झग्याची सळसळ रोग्याला किती जाचते, हे त्यात आहे. समाचाराला येणाऱ्यांचा पोकळ धीर व फुकटचा सल्ला यांवर तर सबंध प्रकरणच आहे. (भगिनींनो, हे आपल्यालाही लागू!) रोग्याशी बोलायचे तर त्याला मान वळवावी लागणार नाही, अशा जागी बसावे, असेही ती सांगते.