आझादीच्या दारातलं ‘कुटुंब’

२० जून २०१८च्या संध्याकाळी तेहरानच्या पश्चिमेकडील आझादी स्टेडियमबाहेर एक विचित्र दृश्य होतं. बायका, मुली, त्यांचे बाप, भाऊ, नवरे असे सगळे हातात तिकीट घेऊन बंद दरवाज्यासमोर जमिनीवर बसले होते. आत खेळणारं कुणीच नव्हतं. सामना शेकडो मैल दूर, रशियातल्या कझान शहरात होता. इराण विरुद्ध स्पेन, विश्वचषकातला साखळी सामना. आझादीत फक्त मोठ्या पडद्यावर त्याचं प्रक्षेपण दाखवलं जाणार होतं, तेही खास कुटुंबांसाठी. तिकिटं विकून झाल्यावर प्रशासनानं ‘पायाभूत सुविधांची अडचण’ असं कारण देऊन दारं बंद केली. लोक उठले नाहीत. रात्री सामना सुरू होण्याच्या थोडं आधी गृहमंत्र्यांचा आदेश आला आणि दारं उघडली गेली.

इराण ०-१ असा हरला. दिएगो कोस्ताच्या गुडघ्याला लागून चेंडू जाळ्यात गेला होता. पण दुसऱ्या दिवशी जगभर फिरले ते फोटो आझादीच्या पायऱ्यांवरचे होते. झेंडे खांद्यावर घेतलेल्या मुली, शेजारी त्यांचे वडील आणि भाऊ. स्पेनचा कर्णधार सर्जिओ रामोस यानंही त्या मुलींचं जाहीर अभिनंदन केलं. जवळजवळ साडेतीन दशकांनंतर त्या स्टेडियममध्ये सामान्य इराणी बायका फुटबॉल बघायला बसल्या होत्या, भले तो पडद्यावरचा असेल.

‘आझादी’ या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकाला सांगायची गरज नाही. १९७१ साली बांधून झालं तेव्हा स्टेडियमचं नाव आर्यमेहर होतं, ही शहाची पदवी. १९७४च्या आशियाई खेळांसाठी ते बांधलं होतं आणि लाखभर लोक त्यात मावत. १९७९च्या क्रांतीनंतर शहा गेला, नाव बदललं. नव्या नावानं स्त्रियांसाठी काय केलं, हे आपण बघतोच आहोत.

इराणमध्ये फुटबॉल आला तो दक्षिणेतल्या तेलाच्या कामावरच्या इंग्रजांबरोबर आणि तेहरानच्या मिशनरी शाळांमधून. साठच्या दशकापर्यंत तो शहरी मध्यमवर्गाचा खेळ झाला होता. १९६८च्या आशियाई चषकाचे सामने तेहरानच्या अमजदिया मैदानावर झाले. इस्रायलविरुद्धचा निर्णायक सामना इराणनं पिछाडीवरून २-१ असा जिंकला आणि त्यानंतर शहरभर जल्लोष झाला. त्या काळी बायका मैदानावर जात. गर्दी पुरुषांचीच असे, पण स्त्रीला दारात अडवणारं कुणी नव्हतं.

क्रांतीनंतर लगेच बंदीचा फतवा निघाला, असं अनेकांना वाटतं. तसं झालेलं नाही. स्त्रियांनी स्टेडियममध्ये जाऊ नये असा लेखी कायदा इराणच्या संसदेनं कधी केलाच नाही. इराकशी युद्ध सुरू झालं, वातावरण कडक होत गेलं आणि १९८१-८२च्या सुमारास दारावर बायकांना परत पाठवणं ही रीत होऊन बसली. कायदा असता तर तो बदला म्हणता आलं असतं. रिवाज बदलायचा म्हणजे दारावरच्या शिपायापासून वरपर्यंत प्रत्येकाशी वेगळं भांडण.

गंमत अशी, की घरात बसून तोच सामना बघायला मनाई नव्हती. अर्ध्या चड्डीतले पुरुष टीव्हीवर दाखवावेत का, असा वाद निघाला तेव्हा १९८७ साली खुद्द आयतुल्लाह खोमेनी यांनी असं प्रक्षेपण बघायला परवानगी दिली. वासनेनं बघू नये, एवढीच अट. म्हणजे पुरुषाचे उघडे पाय बघण्याचा प्रश्न धर्माच्या पातळीवर तेव्हाच निकालात निघाला होता. मग स्टेडियममध्ये अडचण कसली? उत्तर बदलत गेलं. कधी पाय, कधी पुरुषांची गर्दी, कधी शिवीगाळ. ‘तिथलं वातावरण कुटुंबाला शोभणारं नाही,’ हे त्यातलं सर्वांत टिकाऊ कारण ठरलं.

याच कारणाची मला गंमत वाटते. मैदानात शिव्या पुरुष देतात आणि घरी बायकांनी बसायचं. २०१२च्या युरो स्पर्धेच्या वेळी तर हे सिनेमागृहांपर्यंत आलं. तेहरानच्या चित्रपटगृहांत सामने मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं. पोलिसांनी सांगितलं, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून फुटबॉल बघायचा नाही. पुरुष उत्तेजित होतात, अर्वाच्य बोलतात, त्यामुळे ही बंदी स्त्रियांच्या आदरापोटीच आहे. २०१४च्या विश्वचषकालाही असंच झालं. त्याच सिनेमागृहात, त्याच खुर्च्यांवर तेच कुटुंब एरवी सिनेमा बघत होतं, तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

इथं एक जुनी गोष्ट आठवावी लागते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आलेली आहे. ईदचा दिवस होता. मदिनेच्या मशिदीत हबशी लोक भाले घेऊन खेळ करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांना आपल्या खांद्याआडून तो खेळ दाखवला आणि त्यांचं मन भरेपर्यंत स्वतः तसेच उभे राहिले. खेळ पुरुषांचा, जागा मशिदीची, बघणारी तरुण पत्नी. या हदीसवरून उलेमांमध्ये पुष्कळ चर्चा झाली आहे. पडद्याच्या आयतीआधीची घटना की नंतरची, त्या खेळणाऱ्यांकडे बघत होत्या की खेळाकडे, वगैरे. ती चर्चा आपल्या जागी असो. पण नवऱ्याबरोबर उभं राहून खेळ बघणाऱ्या बाईचं चित्र आपल्या परंपरेला अनोळखी आहे, असं कुणी म्हणू नये.

पुन्हा तेहरानकडे वळू. २९ नोव्हेंबर १९९७. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इराण ०-२ असा मागे होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत करीम बाघेरी आणि खोदादाद अझीझी यांनी दोन गोल केले, सामना बरोबरीत सुटला आणि बाहेरच्या मैदानावरील गोलांच्या जोरावर इराण १९९८च्या विश्वचषकाला पात्र ठरला. खातमी निवडून येऊन सहा-सात महिने झाले होते. त्या दिवशी तेहरानचे रस्ते भरून गेले. बायका-पुरुष एकत्र नाचले, आणि पोलीस बघत राहिले. काही दिवसांनी संघाचं स्वागत आझादी स्टेडियममध्ये ठरलं, तेव्हा बायकांनी घरी बसून टीव्हीवर सोहळा बघावा असं आवाहन करण्यात आलं. हजारो बायका तरीही दारावर गेल्या. काहींना आधी आत सोडलं, बाकीच्या कडं तोडून घुसल्या. माझ्या मते आझादीचा खरा इतिहास इथून सुरू होतो, १९७१पासून नव्हे. दारावर उभी असलेली बाई परवानगी मागायला आलेली नव्हती.

२००१ साली आयर्लंडचा संघ आला तेव्हा त्यांच्याबरोबरच्या काही आयरिश बायकांना आत सोडलं गेलं. इराणी बाई बाहेर आणि परदेशी बाई आत, हे तेहरानच्या मुलींना फार लागलं. या सगळ्याचं चित्र जफर पनाही यांच्या ‘ऑफसाइड’मध्ये आहे. २००५च्या जूनमध्ये इराण-बहरीन सामन्याच्या वेळी त्याचं बरंचसं चित्रीकरण खुद्द आझादीत झालं. पनाहींच्या मुलीला एकदा दारावरून परत पाठवलं होतं, ती तरीही आत पोचली. सिनेमाचं बीज त्या प्रसंगात होतं. २००६मध्ये बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. इराणच्या चित्रपटगृहांत तो लागला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अहमदीनेजाद यांनी सर्वांना चकित केलं. कट्टर समजले जाणारे हे राष्ट्राध्यक्ष. त्यांनी आदेश काढला, की राष्ट्रीय सामन्यांना स्टेडियममधली उत्तम जागा ‘स्त्रिया आणि कुटुंबां’साठी राखून ठेवा. बायका आल्या तर वातावरण सभ्य होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे पोलीस जे कारण बायकांना बाहेर ठेवायला देत होते, तेच त्यांनी आत घ्यायला वापरलं. कुमच्या धर्मपंडितांनी विरोध केला, सर्वोच्च नेते खामेनेई यांचंही मत विरुद्ध पडलं आणि दोन-तीन आठवड्यांत आदेश मागे गेला.

‘कुटुंब’ हा शब्द चावीसारखा वापरण्याची ही युक्ती फक्त इराणची नाही. सौदी अरबस्तानात हॉटेलांना वर्षानुवर्षं दोन दारं असत, एक एकट्या पुरुषांचं आणि दुसरं ‘फॅमिली’चं. २०१८च्या जानेवारीत तिथल्या बायकांना स्टेडियम खुली झाली तीही याच दारातून. १२ जानेवारीला जेद्दाहमध्ये अल-अहली विरुद्ध अल-बातिन सामना झाला, त्यात कुटुंबांसाठी वेगळा भाग होता. पुढच्या आठवडाभरात रियाध आणि दम्मामची पाळी आली.

आणि आपल्या मुंबईचं काय? यज्दच्या बाजूनं आलेल्या पारशी आणि शिया मुसलमान इराण्यांनी इथं जी हॉटेलं काढली, त्यांतल्या कित्येकांत लाकडी आडोशाआड ‘फॅमिली रूम’ असे. ज्या काळात घरंदाज बाईनं हॉटेलात चहा पिणं हे कुजबुजीचं कारण होतं, त्या काळात त्या आडोशानं मराठी, गुजराती, मुसलमान अशा सगळ्या बायकांना बाहेर बसून खायची पहिली जागा दिली. ती जागा अपुरी होती, आडोशामागे होती. पण होती. आज त्या हॉटेलात मुली बिनधास्त पुढच्या टेबलावर बसतात आणि फॅमिली रूममध्ये कुठं कुठं गोण्या ठेवलेल्या असतात.

हे सगळं ‘मुसलमानांचं असंच’ म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं विलायतेबद्दल. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. खेळ स्त्रियांना योग्य नाही, असं ठरवलं. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. जर्मनीच्या संघटनेनंही १९५५ ते १९७० अशीच बंदी ठेवली होती. तिथं तर प्रेक्षकांचा नव्हे, खेळाडूंचा प्रश्न होता.

२०१८च्या त्या रात्रीनंतर पुन्हा एकदा, पोर्तुगालविरुद्धच्या सामन्याला, आझादीचा पडदा लागला. प्रत्यक्ष सामन्यांचं दार मात्र तसंच किलकिलं राहिलं. ऑक्टोबरात बोलिव्हियाविरुद्ध शंभरेक निवडक बायका, नोव्हेंबरात आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्याला काही शे. मग २०१९च्या मार्चमध्ये सहर खोदायारी ही तरुणी पुरुषाच्या वेषात आझादीत शिरताना पकडली गेली. ती इस्तेगलाल संघाची चाहती होती, त्यांचा रंग निळा. सप्टेंबरात खटल्यासाठी गेली असता तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. लोक तिला ‘निळी मुलगी’ म्हणू लागले. फिफाचा दबाव वाढला आणि १० ऑक्टोबर २०१९ला कंबोडियाविरुद्धच्या सामन्याची काही तिकिटं बायकांसाठी काढली. चार हजारांच्या आसपास बायका आल्या. इराणनं १४ गोल केले. त्यांच्यासाठी दार वेगळं होतं, भोवती कुंपण आणि चादर घेतलेल्या महिला पोलीस.

इथं एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पडद्यावरचा सामना बघताना बाप आणि लेक शेजारी बसले होते. खरा सामना आला तेव्हा लेकीला आत जाता आलं, पण बापाला तिच्याजवळ बसता आलं नाही. ‘कुटुंब’ म्हणून जे दार उघडलं होतं, ते ‘स्त्रिया’ म्हणून उघडताना कुटुंबच फोडलं गेलं. तरीही मला दुसरं दार मोठं वाटतं. पहिल्यात बाई कुणाची तरी बायको-मुलगी म्हणून आली होती, दुसऱ्यात तिच्या हातात तिचं तिकीट होतं.

तिकिटाची हमीही पक्की नाही. २९ मार्च २०२२ला मशहदमध्ये लेबनॉनविरुद्धच्या सामन्याची तिकिटं घेतलेल्या बायकांना दारावर अडवलं आणि त्यांच्यावर मिरचीचा फवारा मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आझादीत इस्तेगलालच्या एका लीग सामन्याला पाचशे बायकांना सोडलं. पुढच्याच महिन्यात महसा अमिनीचा मृत्यू झाला आणि इराणचे रस्ते पेटले, त्यात फुटबॉल मागे पडला. डिसेंबर २०२३मध्ये पर्सेपोलिस आणि इस्तेगलाल यांच्या तेहरान डर्बीला पहिल्यांदा बायकांना तिकिटं मिळाली. लाल आणि निळे झेंडे घेऊन त्या आल्या आणि आपल्या राखीव स्टँडमध्ये जाऊन बसल्या.