जोड सोडवण्याची विद्या

चिकटवण्याच्या पदार्थांचा इतिहास बहुधा ते किती घट्ट धरतात या अंगाने सांगितला जातो. ते सुटतात कसे, हे अंग मागे राहते, आणि घरी हेडफोन उघडून त्याची गादी, आतला फोम किंवा ड्रायव्हर (म्हणजे विजेच्या लहरींचे आवाजात रूपांतर करणारा चकतीसारखा भाग) बदलू पाहणाऱ्याची अडचण नेमकी तिथेच होते. ही अडचण नवी असली, तरी तिच्यामागचे ज्ञान फार जुने आहे, आणि ते कारखान्यांच्याही आधी रानात व स्वयंपाकघरात तयार झाले होते.

सह्याद्रीच्या पायथ्याचे धसई हे मुरबाड तालुक्यातील बाजाराचे गाव. त्याचा परिसर आणि शेजारचा शहापूर तालुका हा भाताचा व रानाचा मुलूख असून ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी यांची वस्ती येथे जुनी आहे. कातकरी हे नावच खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. अशा मुलखात चिकट पदार्थांची कमतरता नव्हती, पण ते सारे एका जातीचे नव्हते. झाडाच्या सालीतून पाझरणारा डिंक पाण्यात विरघळतो. राळ हाही झाडाचाच स्राव, पण ती पाण्याला दाद देत नाही. मेण उष्णतेने मऊ होते. आणि चीक, म्हणजे फणसासारख्या झाडांचा दुधाळ रस, तेलाशिवाय सुटत नाही. घाटाखालच्या घरांत फणस फोडण्यापूर्वी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल तेल चोळले जाते, आणि चुकून चीक लागलाच तर पाण्याने धुवायला न जाता पुन्हा तेलच चोळले जाते. सारखे सारख्यात विरघळते हा रसायनशास्त्रातील नियम या विळीवर रोजच्या व्यवहारात आला होता. त्याला नाव तेवढे नव्हते.

कागद चिकटवायला भाताची खळ किंवा पिकलेल्या भोकराचा बुळबुळीत गर पुरे होई, आणि दोन्ही ओल्या फडक्याने निघत. वाद्यांच्या बाबतीत तर सुटणे हाच जोडाचा गुण मानला गेला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, तो कमीजास्त करून खर्ज जुळवतात आणि भजन संपले की खरवडून काढतात. कणीक तशीच वाळू दिली तर चामड्याचे नुकसान होते, म्हणून खरवडणे हा वादनाचाच शेवटचा भाग ठरतो. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला, तारपा हे फुंकवाद्य वाळलेला दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या मेणाने सांधून करतात. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे नळी हलवायची झाली तर जोड शेकला की काम होते. आवाजाचे यंत्र उघडता आले पाहिजे, हा विचार यात गृहीत आहे.

सुताराचा सरस याच कुळातला. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला हा पदार्थ तापवून लावावा लागे, त्याला वास येई, आणि पावसाळ्यात तो दमट होई. तरीही वाफेने किंवा गरम पाण्याने जोड सुटत असल्यामुळे वाद्याची दुरुस्ती शक्य राही. १९५९ मध्ये बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणला आणि सरस शिजवण्याचा त्रास संपला. हा पांढरा चिकट पदार्थ पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम राळेचे पाण्यातील मिश्रण असून वाळल्यावरही कोमट पाण्याने आणि उष्णतेने बराच नरमतो. म्हणजे जुन्या विद्येशी त्याचे नाते अगदीच तुटलेले नव्हते.

ते तुटले सायनोॲक्रिलेटने. हॅरी कूवर यांच्या प्रयोगांत १९४२ मध्ये तो प्रथम हाती लागला, १९५८ मध्ये विक्रीला आला आणि पुढे सुपरग्लू म्हणून घरोघर पोचला. हवेतील दमटपणाने तो क्षणात घट्ट होतो आणि ॲसिटोनने, म्हणजे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील मुख्य घटकाने, सुटतो. पण हेडफोनचे कवच ज्या एबीएस प्लास्टिकचे असते तेही ॲसिटोनने विरघळते. औषध आणि विष येथे एकाच बाटलीत आहे. १९७९ मध्ये वॉकमन आल्यावर हलके हेडफोन स्वस्त होत गेले, तसा स्क्रूच्या जागी चिकट पदार्थ आला, आणि उघडण्याची सोय किमतीत कापली गेली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तोवर मोबाइल आणि हेडफोन दोन्ही अशा गावांच्या बाजारात नेहमीचा माल झाले होते.

अशा साधनाचा जोड सोडवताना चिकट पदार्थाची जात ओळखणे हेच अर्धे काम असते. दुधाळ, नखाने दबणारी आणि मेणासारखी दिसणारी लड ही गरम करून ओतलेल्या ग्लूस्टिकची असते. तिच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला की ती विरघळत नाही, पण पृष्ठभागावरची पकड सोडते आणि चिमट्याने अखंड निघते. गादीखालच्या दुतोंडी पट्टीचा चिकटा बहुधा रबराच्या किंवा ॲक्रिलिकच्या जातीचा असतो. तो केस वाळवण्याच्या यंत्राच्या बेताच्या उष्णतेने मऊ करून तंगूस, म्हणजे मासे धरण्याचा नायलॉन दोरा, करवतीसारखा फिरवून कापतात. रबराच्या जातीचा उरलेला थर खोबरेल तेलाला वश होतो, आणि इथे फणसाची विळी पुन्हा आठवते. मात्र तेलाचा अंश मागे राहिला तर नवी पट्टी धरत नाही, म्हणून शेवटी ती जागा अल्कोहोलने पुसावी लागते.

ड्रायव्हरजवळ ही सारी सवय बदलावी लागते. त्याचा पडदा कागदाहून पातळ प्लास्टिकचा असतो आणि त्यावरची केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी स्वतःच चिकटवलेली असते, त्यामुळे बाहेरचा जोड सोडवायला ओतलेला द्रव आत झिरपला तर तो कोणता जोड सोडवायचा आणि कोणता ठेवायचा असा भेद करत नाही. म्हणून द्रव ओतत नाहीत. काडीवरच्या कापसाला ओल देऊन बाहेरच्या कडेवरच फिरवतात. लोखंडी हत्यारही येथे चालत नाही, कारण चुंबक ते ओढून घेतो आणि टोक पडद्यात शिरते. बांबूची चपटी तासलेली कामटी हे त्यावरचे उत्तम हत्यार आहे, आणि ती धसईच्या कोणत्याही कुंपणाशी मिळते.

इपॉक्सी ही दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ मात्र घरच्या कोणत्याही पाण्याला, तेलाला किंवा अल्कोहोलला बधत नाही. तिने सांधलेला ड्रायव्हर कोरून काढावा लागतो, आणि कोरताना तो बहुधा तुटतो.