तासांत थांबलेली विमाने आणि दोन वर्षांनी आलेले उत्तर

सप्टेंबर १९९४ च्या अखेरीस आखाती देशांनी एकामागून एक भारताशी असलेली विमानसेवा बंद केली. कारण होते सुरतेतील प्लेग. पण तो खरोखर प्लेगच होता का, याविषयी त्या घटकेला भारतातील वैद्यकीय जाणकारांतही एकमत नव्हते. विमान थांबविण्याचा वेग आणि जिवाणू ओळखण्याचा वेग यांतील अंतराची ही कथा आहे.

तिचा आरंभ मराठवाड्यातला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पडलेल्या व ओस घरांत धान्य तसेच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असा तर्क पुढे तज्ज्ञांनी मांडला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि महिनाअखेरीस ताप व गाठींचे रुग्ण दिसू लागले. त्याआधीचा भारतातील निश्चित रुग्ण १९६६ सालचा. म्हणजे एका अख्ख्या पिढीच्या डॉक्टरांना हा रोग केवळ पाठ्यपुस्तकातून ठाऊक होता.

बीडच्या बातमीने जग हलले नाही. सुरतेने ते हलवले. गणेशविसर्जनानंतरच्या दिवसांत तेथे फुप्फुसाच्या प्लेगचे संशयित रुग्ण दगावू लागले आणि लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या कारखान्यांतील कामगार होते. खानदेशातून पोटासाठी तेथे गेलेली कुटुंबेही होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. (या गोळ्या लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांचे काम आहे.)

योगायोग असा की प्लेगचा जिवाणू सापडल्याला त्याच वर्षी शंभर वर्षे होत होती. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिनने तो ओळखला. दोन वर्षांनी साथ मुंबईच्या मांडवी भागात पोहोचली, आणि १८९७ मध्ये युरोपीय सत्तांनी खास प्लेगसाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तेव्हाची भीती आगबोटींची होती. प्रवासच इतका लांब की रोगी बहुधा बंदर गाठण्याआधीच आजारी पडे. विमानाने ती सवलत काढून घेतली: लक्षणे दिसण्याआधीच माणूस मुंबईहून लंडनला उतरू शकत होता.

तरीही १९९४ साली नियम नव्हते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे १९६९ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम लागू होते, आणि त्यांत सांगितलेले उपाय हीच कमाल मर्यादा मानलेली होती. अनेक देशांनी ती सरळ ओलांडली. प्रवासावर निर्बंधांची गरज नाही, हे संघटनेचे म्हणणे कोणी फारसे ऐकले नाही. अमेरिकेने मात्र विमाने चालू ठेवली. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशांच्या हाती सूचनापत्रे दिली आणि ताप आल्यास डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. त्यातून १३ संशयित पुढे आले. एकालाही प्लेग नव्हता. भारतात एकूण ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. भारताबाहेर एकाही रुग्णाची खातरजमा झाली नाही.

आता प्रयोगशाळेकडे. रोगनिदान मुख्यतः सूक्ष्मदर्शक आणि प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर विसंबून होते. निर्णायक पुरावा म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून जिवाणू वाढवून दाखवणे. पण नमुना घेण्याआधीच प्रतिजैविक पोटात गेले असेल तर जिवाणू वाढत नाही. लोकांना वाचविणाऱ्या त्याच गोळ्यांनी पुरावाही पुसला. त्यात मृत्यू अपेक्षेहून कमी आणि घरातल्या घरात पसरण्याचे प्रमाणही कमी. मग हा मेलिऑइडोसिस असेल, हंता विषाणू असेल, अशा शंका निघाल्या. त्या अडाण्यांच्या नव्हत्या, हे नमूद करायला हवे. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कौल प्लेगच्या बाजूने दिला, तरी वाद शमला नाही.

तो शमविण्याचे काम रेणवीय जीवशास्त्राने केले. १९९६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये सुरत आणि बीड येथून मिळालेल्या जिवाणूंच्या डीएनए तपासणीचा अहवाल आला. पीसीआर हे तंत्र नमुन्यातील ठरावीक जनुकखंडाच्या असंख्य प्रती काढते, त्यामुळे अत्यल्प अंशही ओळखता येतो. पुढे २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी जिवाणूच्या १६एस जनुकाचा अनुक्रम आणि डीएनएचे ठसे तपासून तोच निष्कर्ष दिला: येर्सिनिया पेस्टिस. विमाने तोवर केव्हाच पूर्ववत सुरू झाली होती. व्यापाराचे आणि पर्यटनाचे नुकसान मात्र कोणत्याही शोधनिबंधाने भरून निघणारे नव्हते.

या अनुभवानंतर १९९५ मध्ये आरोग्य नियमांच्या पुनर्रचनेचा ठराव झाला; नवे नियम २००५ मध्ये संमत झाले आणि २००७ मध्ये लागू झाले. शास्त्रीय पुराव्याशिवाय वाहतूक अडवू नये, हा त्यांचा गाभा. पुरावा वेगाने मिळू लागला की भीती आटोक्यात राहील, असे त्यामागचे गृहीतक असावे.

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा नवा प्रकार जाहीर केला. या वेळी जनुकीय अनुक्रम आधीच हाती होता. त्याच दिवशी ब्रिटनने आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सहा देशांची विमाने थांबविण्याची घोषणा केली. इतर देश मागोमाग आले. दुसऱ्या दिवशी संघटनेने त्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिले. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेहून दोन विमाने ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर उतरली. सुमारे ६०० प्रवाशांपैकी ६१ जण बाधित निघाले, काहींत ओमिक्रॉन सापडला. मग डच संस्थेने आपल्याच देशातील जुने नमुने पुन्हा तपासले. १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत तो होता; ती विमाने उतरण्यापूर्वीच.