स्थानक, भूमी आणि मूल्यवृद्धी
नवी मुंबईच्या लोहमार्गाभिमुख नगररचनेचा इतिहास

१

नवे स्थानक जेथे व्हावयाचे असते, तेथील जमिनीचा भाव पहिली गाडी येण्यापूर्वीच चढू लागतो. ही वाढ जमिनीच्या धन्याने कसून मिळविलेली नसते आणि ती घडवून आणणाऱ्या लोहमार्गाच्या हिशेबात ती आपोआप जमाही होत नाही. तिकिटांच्या उत्पन्नातून उपनगरी लोहमार्गाचा बांधणीखर्च क्वचितच वसूल होतो. उलट त्या मार्गामुळे भोवतालच्या भूमीस प्राप्त होणारे मूल्य त्या खर्चाहून कित्येक पटींनी अधिक असू शकते. ही अनार्जित मूल्यवृद्धी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच स्थानकाभोवतीच्या नगररचनेच्या मुळाशी आहे. स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर दाट वस्ती, कार्यालये व बाजारपेठ वसविण्याच्या पद्धतीस आज जे इंग्रजी नाव रूढ आहे, ते पीटर कॅलथॉर्प या अमेरिकन वास्तुविशारदाच्या १९९३ मधील ग्रंथामुळे सर्वत्र पसरले. पद्धत मात्र त्या नावाहून पुष्कळ जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहता मूल्यवृद्धीच्या वाटणीच्या निरनिराळ्या रीती दिसून येतात.

लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीस मार्गालगतची अतिरिक्त जमीन स्वतःकडे राखण्याचा असाधारण अधिकार मिळालेला होता. १९१९ मध्ये तिच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या गृहवसाहत कंपनीने लंडनच्या वायव्येस उपनगरे वसविली. जपानात कोबायाशी इचिझो यांनी १९१० मध्ये ओसाकाजवळ सुरू केलेल्या विद्युत लोहमार्गाने याच्याही पुढची मजल मारली. मार्गालगतची जमीन आधी विकत घ्यावी, तीवर घरे बांधून ती हप्त्यांनी विकावी, एका टोकास रंजनस्थान व दुसऱ्या टोकास, १९२९ मध्ये, उमेदा स्थानकावर विविध वस्तूंचे भांडार उभारावे, असा तो क्रम होता. पुढे ‘हानक्यू’ या नावाने प्रसिद्ध झालेली हीच कंपनी होय. या दोन्ही उदाहरणांत वाढीचा लाभ खाजगी भागधारकांस झाला. स्टॉकहोमची रीत वेगळी होती. तेथील नगरपालिकेने १९०४ पासून शहराबाहेरची जमीन खरेदी करून ठेवली होती. त्यामुळे भूमिगत लोहमार्गावरील वेलिंगबी हे उपनगर १९५४ मध्ये खुले झाले, तेव्हा भोवतालच्या जमिनीची धनी नगरपालिकाच होती.

या तिन्ही ठिकाणी जमीन प्रायः बाजारातून विकत घेतलेली होती. नवी मुंबईत ती कायद्याच्या सक्तीने संपादन करण्यात आली. या एका फरकामुळे तेथील मूल्यवृद्धीच्या वादास तिसरा पक्षकार लाभला.

२

मुंबई बेटावरील गर्दीचा उपाय खाडीपलीकडे शोधावा, ही कल्पना महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपूर्वीची आहे. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर रस्ता व लोहमार्ग या दोहोंसाठी पूल बांधावा, अशी शिफारस केली. पूल एकच, पण त्यावरून मोटारींबरोबर आगगाडीही जावी, हा त्या शिफारशीतील महत्त्वाचा भाग होय. १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने प्रादेशिक नियोजनाचा विचार मांडला. त्याच सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे जुळे शहर उभारण्याची योजना शासनापुढे ठेवली व ‘मार्ग’ या नियतकालिकातून १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. मुंबईची वाढ दक्षिणोत्तर रेषेत होत असल्यामुळे सकाळी सर्व गाड्या दक्षिणेकडे भरून जातात व उत्तरेकडे रिकाम्या परततात. ही रेषा पूर्वेकडे वळविल्यास प्रवासाचा भार दोन्ही दिशांस विभागला जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. मार्च १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली आणि पुढील वर्षी नव्या नगराचे विकास प्राधिकरण म्हणून तिची नियुक्ती झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र व त्यातील ९५ गावे तिच्या कक्षेत आली. शासनाकडून मिळालेले प्रारंभीचे भांडवल सुमारे ४ कोटी रुपयांचे, म्हणजे कार्याच्या मानाने अगदी अल्प होते. मात्र तिच्या स्वाधीन भूमी होणार होती. त्या भूमीच्या विक्रीतून रस्ते, पाणी, घरे व लोहमार्ग यांचा खर्च भागवावयाचा, हे योजनेचे आर्थिक सूत्र ठरले. व्यापारी भूखंड चढ्या दराने द्यावेत व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस मूळ दराहूनही कमी दराने द्यावेत, असे वाटणीचे एक तत्त्वही त्यात अंतर्भूत होते.

१९७३ च्या विकास आराखड्यात २० लाख लोकसंख्येचे शहर कल्पिले होते. एकच मध्यवर्ती केंद्र न ठेवता मोत्यांच्या सराप्रमाणे लोहमार्गावर ओवलेल्या अनेक उपनगरी केंद्रांची, म्हणजे ‘नोड’ची, ती रचना होती. प्रत्येक केंद्राच्या मध्याशी स्थानक, त्यालगत बाजार व कार्यालये आणि त्याभोवती निवासी सेक्टर असा क्रम योजिलेला होता. शासनाने १९७९ मध्ये या आराखड्यास मान्यता दिली.

३

आराखड्यात सर असला तरी भूमीवर प्रदीर्घ काळ नुसते मणीच होते. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल खुला झाला तो केवळ रस्त्याचा. बर्वे गटाने सुचविलेला लोहमार्ग त्यावर नव्हता. त्यामुळे वाशीची पहिली वस्ती बस, ट्रक व मोटारी यांच्या आधारे वाढली. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० नंतरच्या दशकातच आकारास येऊ लागला होता. तेथील कामगारांसही उपनगरी गाडी उपलब्ध नव्हती. शासनाचे मुख्य कार्यालय खाडीपलीकडे नेण्याचा विचार मागे पडला. नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालये उभी राहत गेली आणि विधानभवनाची नवी वास्तूही १९८१ मध्ये तेथेच उभी राहिली. लोहमार्ग नाही म्हणून कार्यालये येत नाहीत आणि कार्यालये नाहीत म्हणून लोहमार्गास प्रवासी मिळणार नाहीत, असा हा पेच होता.

तो सुटला तो खर्चाच्या वाटणीने. मानखुर्द–बेलापूर मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने व ३३ टक्के भाग रेल्वेने सोसावा, असे ठरले. त्याच्या मोबदल्यात स्थानकांच्या परिसराचा व स्थानकांवरील अवकाशाचा व्यापारी विकास करण्याचा हक्क सिडकोकडे राहिला. भारतीय रेल्वेच्या इतिहासात ही व्यवस्था लक्षणीय होय. कारण लोहमार्गामुळे वाढणारे भूमिमूल्य लोहमार्गाच्या बांधणीखर्चाशी येथे उघडपणे जोडण्यात आले. ९ मे १९९२ रोजी वाशीपर्यंत गाडी आली, १९९३ मध्ये बेलापूरपर्यंत व १९९८ मध्ये पनवेलपर्यंत. वाशी व बेलापूर येथील स्थानके प्रचंड व्यापारी इमारतींच्या रूपाने उभारण्यात आली. ठाणे–वाशी मार्गावर प्रवासी गाडी धावण्यास मात्र २००४ साल उजाडले.

आराखडा व पहिली गाडी यांतील हे एकोणीस वर्षांचे अंतर वाया गेलेला काळ एवढ्याच अर्थाने पाहणे पुरेसे नाही. त्या वर्षांत शहराची वळणे रस्त्याने ठरविली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच वर्षांत जमिनीचा १९७० मधील भाव व तिचे प्रत्यक्ष मूल्य यांतील दरी वाढत गेली.

४

भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन अधिनियमानुसार नुकसानभरपाई अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरत असे. शिवाय त्याच अधिनियमाच्या चोविसाव्या कलमाने स्पष्ट बजावले होते की, संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार असेल, त्यामुळे संभवणारी मूल्यवाढ भरपाई ठरविताना विचारात घेऊ नये. भातखाचरे व मिठागरे यांच्या १९७० मधील दराने भरपाई आकारावयाची, परंतु ताबा व निवाडा मात्र कित्येक गावांत पुढील दशकात व्हावयाचा, अशी ही स्थिती होती. कलमाचा हेतू सट्टेबाजांस आळा घालण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. अधिसूचना निघाली नसती, तर पुलाच्या वार्तेबरोबर जमिनी दलालांच्या हाती गेल्या असत्या, हेही संभवनीय आहे. तथापि सट्टेबाज व पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा खातेदार यांत ते कलम भेद करीत नव्हते.

हा भेद करण्यास भाग पाडले ते आंदोलनाने. आगरी, कोळी व इतर भूमिपुत्रांच्या या लढ्याचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्याकडे होते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. वाढीव रोख दराबरोबरच विकसित जमिनीत वाटा, ही मागणी या लढ्यातून पुढे आली. त्याच वर्षी भूसंपादन अधिनियमात दुरुस्ती होऊन सक्तीच्या संपादनाबद्दलची अतिरिक्त रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेण्यात आली. तथापि ती रक्कमही जुन्या बाजारभावावरच आकारली जात होती.

१९९० मध्ये शासनाने साडेबारा टक्के योजनेस मान्यता दिली. संपादन केलेल्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धन्यास परत द्यावा, असे तिचे स्वरूप होते. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के कपात होत असल्याने प्रत्यक्षात हाती येणारे क्षेत्र पावणेनऊ टक्के असे. भूखंडावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक व मर्यादित व्यापारी वापर यांस मुभा होती. क्षेत्राच्या दृष्टीने हा अंश अल्प दिसला तरी तत्त्वाच्या दृष्टीने तो मूलगामी होता. भरपाई म्हणजे गेलेल्या वस्तूची किंमत, ही १८९४ ची कल्पना होती. येथे घडावयाच्या मूल्यवृद्धीतच मूळ धन्याचा भाग मान्य झाला.

योजनेचे फलित मात्र संमिश्र आहे. वाटप रखडत गेले, अनेक भूखंड विकासकांकडे गेले आणि मूळ गावठाणे आखीव सेक्टरांच्या मध्ये दाट, अनियोजित वस्तीच्या रूपाने उरली. लोहमार्गाच्या खर्चासाठी ६७ व ३३ असे प्रमाण आरंभीच ठरू शकले; भूमीच्या मूळ धन्याचे प्रमाण ठरण्यास मात्र अधिसूचनेपासून वीस वर्षे लागली.

५

त्यानंतरच्या घटनाक्रमात एक दिशा दिसते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी संपादन झाले, तेव्हा २०१४ मध्ये विकसित जमिनीचा वाटा साडेबावीस टक्के ठरला. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या क्षेत्रासाठी सिडकोची नियुक्ती २०१३ मध्ये झाली. तेथे सक्तीच्या सरसकट संपादनाऐवजी नगररचना योजनेची पद्धत स्वीकारण्यात आली व मूळ क्षेत्राच्या ४० टक्के इतका अंतिम भूखंड धन्याकडेच राहावा, असे ठरले. वस्तुतः ही पद्धत नवी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमात तिचा पाया घातला गेला होता. जमिनी एकत्र करून, रस्ते व मोकळ्या जागा काढून घेऊन उरलेल्या क्षेत्राचे आखीव भूखंड मूळ धन्यांस परत द्यावयाचे, हे तिचे तत्त्व. १९७० च्या योजनाकारांपुढे हे साधन उपलब्ध होते. तरीही त्यांनी ते स्वीकारले नाही, याचे कारण योजनेच्या आर्थिक सूत्रातच होते. अल्प भांडवलावर शहर उभारावयाचे, तर भूमी जितकी अधिक व जितकी स्वस्त हाती येईल, तितके योजनेस सोयीचे होते. अर्थात या प्रमाणांची तुलना सावधपणे केली पाहिजे. सिडकोच्या पहिल्या योजनेत लोहमार्ग, पूल व अल्प उत्पन्न गटांची घरे यांचा भार विक्रीयोग्य भूमीवर होता. धन्याकडे ४० टक्के भूमी राहिल्यास तोच भार उरलेल्या भूमीने पेलावयाचा किंवा अन्य मार्गाने उभा करावयाचा असतो. वाट्याचे प्रमाण वाढविणे म्हणजे कोणत्या तरी सार्वजनिक खर्चाची सोय अन्यत्र करणे होय.

१२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतचा लोहमार्ग पूर्णत्वास गेला आणि १९७३ च्या आराखड्यातील सराचा आणखी एक पदर गुंफला गेला. याही मार्गाच्या खर्चाची वाटणी ६७ व ३३ याच प्रमाणात होती. चाळीस वर्षांपूर्वी ज्या तालुक्यात गोळीबार झाला, त्याच तालुक्यातील स्थानकांभोवती आता भूमिमूल्य चढत आहे. या मार्गाचा अभ्यास करणाऱ्यास प्रवाशांची संख्या व इमारतींची उंची मोजणे अवघड नाही. मात्र त्याबरोबरच तीन नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत : अधिसूचनेचा दिनांक, गाडी सुरू झाल्याचा दिनांक आणि भूखंड प्रत्यक्ष हाती आल्याचा दिनांक. नवी मुंबईत पहिल्या दोहोंत बावीस वर्षांचे अंतर पडले व तिसरा कित्येक खातेदारांच्या बाबतीत त्यानंतरही पुष्कळ उशिरा आला. स्थानकाभोवतीच्या नगररचनेने कोणास काय दिले, याचे उत्तर या तीन दिनांकांतील अंतरावरून मिळू शकते. ते अंतर कमी करणे हे आराखडा काढण्याइतकेच नगररचनाकाराचे काम आहे.