बर्फातले कंदाहार

मागल्या हिवाळ्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात मी इतिहास शिकवीत होतो. अफगाण युद्धाचा विषय निघाला आणि मी फळ्यावर ‘कंदाहार’ असे लिहिले. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, कंदाहार जर्मनीत आहे ना? टीव्हीवर बर्फातल्या शर्यती दाखवत होते, त्यात नाव होतं.” वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो आणि “ते दुसरं असेल, बस खाली,” म्हणून वेळ मारून नेली.

त्या हसण्याची टोचणी मात्र मनाला लागून राहिली. पुस्तके धुंडाळली तेव्हा उमगले, की पोरगा निम्मा बरोबर होता आणि मास्तर पुरता चुकला होता. जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन गावच्या त्या उतारालाही कंदाहारच म्हणतात, आणि ते नाव अफगाणिस्तानातूनच तिथे गेले आहे.

ते कसे गेले, हे मोठे मौजेचे आहे. एके काळी इंग्रज प्रवासी आल्प्स पर्वतात जात ते उन्हाळ्यात. सेंट मॉरिट्झचा हॉटेलवाला योहान्स बाद्रुट याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, की हिवाळ्यात या, आवडले नाही तर खर्च माझा, अशी कथा सांगतात. पाहुणे आले आणि रमले. थंडीत परदेशी जाऊन बर्फावर खेळायचे, ही चाल पुढे वाढतच गेली. तिला धंद्याचे रूप देणाऱ्यांत हेन्री लन हा एक होता. हा गृहस्थ आधी मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला होता. त्याचा मुलगा अर्नोल्ड १८८८ साली मद्रासेत जन्मला.

याच मुलाने ७ जानेवारी १९११ रोजी स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे एक शर्यत भरविली. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि प्लेन मोर्त हिमनदीपासून खाली गावापर्यंत घसरत यायचे; जो आधी पोहोचेल तो जिंकला. चषक दिला होता वृद्ध फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांनी. त्यांचा जन्म कानपूरचा आणि सरदारकीचा किताब ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’. चषकाला ते नाव मिळाले. पुढे १९२४ साली म्यूरेनला कंदाहार क्लब निघाला, १९२८ साली ऑस्ट्रियात अर्लबर्ग-कंदाहार शर्यती सुरू झाल्या, आणि कालांतराने हे नाव गार्मिशलाही पोहोचले.

अर्नोल्ड लनविषयी मला आदरच वाटतो. १९०९ साली वेल्समधल्या डोंगरावरून पडून त्याचा पाय मोडला आणि आखूड झाला. तशा पायाने तो जन्मभर बर्फावर हिंडला, आणि खांबांमधून वळणे घेत उतरण्याची आजच्या धर्तीची स्लालोम शर्यत त्याने १९२२ साली म्यूरेनला घडवून आणली. सुट्टीतल्या खेळाला त्याने शिस्त लावली.

पण तो किताब आला कुठून? २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या रणात इंग्रजी ब्रिगेडचा धुव्वा उडाला. अडीच हजारांतली जवळजवळ हजार माणसे पडली. त्या ब्रिगेडमध्ये आपल्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या पलटणी होत्या. बॉम्बे ग्रेनेडियर्स त्यांपैकीच एक. उरलेले कंदाहारात कोंडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी रॉबर्ट्स काबूलहून सुमारे १० हजार सैन्य घेऊन निघाले. त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई होते आणि मागे हजारो बाजारबुणगे. ऑगस्टच्या उन्हात सुमारे ५०० किलोमीटर पायपीट करून तीन आठवड्यांत त्यांनी कंदाहार गाठले.

खेळणाऱ्यांना मी दोष देत नाही. सुट्टीत बर्फावर घसरणाऱ्या तरुणाने मैवंद आठवीत बसावे, असे कोण म्हणेल? नावे अशीच घरंगळत जातात. दोष माझा. वीस वर्षे मी ‘दुसरे अफगाण युद्ध, १८७८ ते १८८०’ असे फळ्यावर लिहीत आलो. मुंबई इलाख्याच्या त्या पलटणींचा उल्लेख एकदाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला उभे केले. तो बिचारा भेदरला. मी म्हणालो, “काल तू बरोबर होतास, मी चुकलो.” मग फळ्यावर आधी ‘मैवंद’ असे लिहिले आणि तिथून गोष्ट सुरू केली. तास संपला तरी आम्ही अजून काबूलच्या वाटेवरच होतो. बर्फ पुढल्या तासावर गेला.